कर कोणत्या गावचा?
युरोपातील सरहद्दीपारच्या व्यापारावरील विक्रीकराविषयी

माल एका गावात तयार होतो, दुसऱ्या गावात विकला जातो आणि तिसऱ्याच गावात वापरला जातो. मग त्या मालावरचा विक्रीकर कोणत्या गावाने घ्यावा? प्रश्न दिसायला अगदी साधा आहे. पण या एका प्रश्नापायी युरोपातील सत्तावीस देशांनी गेली तीस-बत्तीस वर्षे कायद्यांच्या चळती रचल्या आहेत. त्यांतील नियम नीट न कळल्यामुळे प्रामाणिक दुकानदार अडचणीत आले आहेत आणि ते नियम फारच नीट कळल्यामुळे काही लबाडांनी सरकारी तिजोऱ्या धुऊन नेल्या आहेत. म्हणून आज आपण हा हिशेब जरा उलगडून पाहू. शाळेतील शिक्षकांनी पाटी-पेन्सिल जवळ ठेवली तर उद्या वर्गात देण्याजोगी दोन-चार उदाहरणेही त्यांच्या पदरात पडतील.

प्रथम हा कर आहे तरी कसा, ते पाहू. युरोपात जो विक्रीकर चालतो त्याला मूल्यवर्धित कर म्हणतात. मोरिस लोरे नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने त्याची घडी बसवली आणि १९५४ साली फ्रान्सने तो प्रथम लागू केला. पुढे १९६७ साली त्या वेळच्या युरोपीय समुदायातील सहा देशांनी तो आपापल्या देशात आणण्याचे ठरवले. आज युरोपीय संघात शिरणाऱ्या प्रत्येक देशाला तो घ्यावाच लागतो.

त्याची रीत अशी. समजा, इटलीत चामडे कमावणाऱ्या एका कारखानदाराने ४० युरोचे चामडे विकले. इटलीत कराचा सर्वसाधारण दर शेकडा २२ आहे. म्हणून त्याने त्यावर ८ युरो ८० सेंट कर घेतला आणि सरकारात भरला. फ्लॉरेन्सच्या कारागिराने त्या चामड्याची पिशवी केली आणि ती गावातल्या दुकानदाराला १०० युरोला विकली. तिच्यावर कर झाला २२ युरो. पण कारागीर सगळेच्या सगळे २२ युरो भरत नाही. चामडे घेताना दिलेले ८ युरो ८० सेंट तो वजा करतो आणि उरलेले १३ युरो २० सेंट भरतो. दुकानदाराने तीच पिशवी १५० युरोला विकली. कर झाला ३३ युरो. त्यातून आधी दिलेले २२ वजा करून त्याने ११ भरले. आता बेरीज करून पाहा. ८.८० अधिक १३.२० अधिक ११, म्हणजे बरोबर ३३. कर भरला तिघांनी, पण तो सोसला कोणी? जिने पिशवी खांद्याला लावली त्या बाईने. मधले व्यापारी हे केवळ कर गोळा करणारे हातच. ही गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण पुढची सगळी गुंतागुंत आणि सगळी लबाडीही हिच्यातूनच निघते.

हे झाले एका देशातले. आता ती पिशवी जर्मनीला निघाली, तर?

जर्मनीत दर शेकडा १९ आहे. हंगेरीत २७ आहे, म्हणजे संघात सर्वांत जास्त. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशात १७ आहे, म्हणजे सर्वांत कमी. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये २५. संघाचा नियम एवढाच, की सर्वसाधारण दर शेकडा १५ च्या खाली नेऊ नये. तेव्हा कर कोठला, यावर दोन गोष्टी ठरतात. गिऱ्हाइकाला किती मोजावे लागणार ही एक, आणि पैसा कोणत्या देशाच्या शाळा-दवाखान्यांना जाणार ही दुसरी.

१९९२ सालाअखेरपर्यंत याचे उत्तर सरहद्दीवरचा नाकाच देत असे. माल देशाबाहेर पडला की तिथला कर परत मिळे आणि पलीकडच्या देशात शिरला की तिथला कर नाक्यावर भरावा लागे. आपल्याकडे पूर्वी जकात नाक्यावर मालमोटारींच्या रांगा लागत, तशाच तिथेही लागत. १ जानेवारी १९९३ रोजी संघातील देशांनी आपापसातले हे नाके उठवले. मोटारी सुसाट निघाल्या, पण हिशेबाचे काय? नाका गेला म्हणजे पाहणारा डोळाही गेला. म्हणून नाक्याचे काम व्यापाऱ्याच्या वह्यांवर सोपवण्यात आले. ही व्यवस्था तात्पुरती, म्हणजे १९९६ अखेरपर्यंतच, असे तेव्हा म्हटले होते. पुढे माल जिथून निघतो तिथेच कर घ्यायचा, असा बेत होता. पण त्यावर देशांचे एकमत कधी झालेच नाही. शेवटी तो बेत सोडून देण्यात आला आणि 'तात्पुरती' व्यवस्थाच घर करून बसली.

आता आपला फ्लॉरेन्सचा कारागीर घ्या. त्याच्या दारात तीन प्रकारची गिऱ्हाइके येतात.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे म्युनिकचा दुकानदार. त्याच्याजवळ जर्मनीचा कर-नोंदणी क्रमांक आहे. कारागीर त्याला १०० युरोचे बीजक करून देतो आणि त्यावर कर लावत नाही. शिवाय चामड्यावर दिलेले ८ युरो ८० सेंट त्याला इटलीच्या सरकारकडून वळते मिळतात. इटलीचा कर त्या पिशवीवरून असा पूर्ण धुऊन निघतो. तिकडे म्युनिकचा दुकानदार आपल्याच विवरणपत्रात एका बाजूला १९ युरो देणे म्हणून लिहितो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला १९ युरो वजावट म्हणून लिहितो. हातातून दमडी जात नाही, पण नोंद होते. मग तो पिशवी १५० युरोला विकतो, त्यावर २८ युरो ५० सेंट कर घेतो आणि ते जर्मनीच्या तिजोरीत भरतो. पिशवी जर्मनीत वापरली गेली, कर जर्मनीला गेला. न्याय झाला.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे म्युनिकची एक बाई. तिने घरबसल्या पिशवी मागवली. तिच्याजवळ नोंदणी क्रमांक नाही, ती व्यापारी नाही. तिच्याकडून कर कारागिरानेच घ्यायला हवा. पण इटलीचा २२, की जर्मनीचा १९? इथे एक मर्यादा घातलेली आहे. १ जुलै २०२१ पासून नियम असा, की कारागिराची अशी सरहद्दीपारची किरकोळ विक्री सगळ्या देशांत मिळून चालू वर्षात आणि मागच्या वर्षातही १०,००० युरोच्या आत असेल, तर त्याने आपल्या घरचाच, म्हणजे इटलीचा कर घ्यावा. ज्या विक्रीने ही मर्यादा ओलांडली त्या विक्रीपासून पुढे मात्र गिऱ्हाइकाच्या देशाचा कर. म्युनिकला १९, बुडापेस्टला २७, स्टॉकहोमला २५.

हा नियम येण्यापूर्वी प्रत्येक देशाची मर्यादा निरनिराळी होती, कुठे ३५,००० युरो, तर कुठे एक लाख. ती ओलांडली की त्या त्या देशात जाऊन नोंदणी करायची, त्या देशाच्या भाषेत अर्ज भरायचे. चार देशांत माल गेला तर चार कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायचे. लहान कारागिराला हे कसे परवडावे? म्हणून २०२१ साली एकच खिडकी उघडली. कारागीर आपल्या इटलीतच दर तीन महिन्यांनी एक विवरणपत्र भरतो. जर्मनीत इतके विकले, स्वीडनमध्ये इतके, हंगेरीत इतके. पैसा एकाच ठिकाणी देतो आणि इटलीचे सरकार तो ज्याचा त्याला पोचवते. कटकट पुष्कळ कमी झाली. तरी प्रत्येक देशाचा दर आणि प्रत्येक मालाचा वर्ग ध्यानात ठेवणे काही सुटलेले नाही. पुस्तकाला, औषधाला, मुलांच्या कपड्यांना कुठे सवलतीचा दर आहे, कुठे नाही.

तिसरे गिऱ्हाईक म्हणजे सुट्टीला फ्लॉरेन्सला आलेली म्युनिकचीच दुसरी बाई. तिने दुकानात येऊन पिशवी घेतली आणि स्वतःच घरी नेली. तिला इटलीचा कर, २२. माल दुकानातच तिच्या हाती पडला. पुढे तो ती कुठे नेते याच्याशी कारागिराला कर्तव्य नाही. याला एक अपवाद आहे, नव्या मोटारीचा. मोटार महाग वस्तू. लोक कमी कराच्या देशात जाऊन ती घेऊन येतील, ही भीती. म्हणून सहा महिन्यांच्या आतली किंवा सहा हजार किलोमीटरपेक्षा कमी चाललेली मोटार नवी समजतात आणि तिचा कर, घेणारा साधा गृहस्थ असला तरी, ती जिथे कायमची जाणार त्या देशातच भरावा लागतो.

म्हणजे पाहा, तीच पिशवी, तोच कारागीर, तीच किंमत, आणि कर तीन तऱ्हांचा. गिऱ्हाईक कोण आहे आणि माल कोणी हलवला, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून.

मालाला निदान हात लावता येतो. सेवेचे काय? वकिलाचा सल्ला किंवा हिशेबनिसाचे काम कोणत्या ट्रकातून सरहद्द ओलांडते? तिथे मोटा नियम असा, की सेवा घेणारा व्यापारी असेल तर घेणाऱ्याच्या देशाचा कर, आणि घेणारा साधा गृहस्थ असेल तर देणाऱ्याच्या देशाचा. पण या नियमाला अपवाद पुष्कळ, आणि बहुतेक अपवाद शहाणपणाचेच आहेत. घराचा नकाशा काढला, तर घर उभे आहे त्या देशाचा कर. खाणावळीत जेवलात, तर ताट वाढले त्या देशाचा. नाटकाचे तिकीट काढलेत, तर नाटक झाले त्या देशाचा. आगगाडीने तीन देशांतून प्रवास केला, तर ज्या देशात जितके अंतर, तितक्याचा हिशेब त्या देशाचा.

तारेवरून मिळणाऱ्या सेवांची, म्हणजे संगणकावर उतरवून घेतलेली गाणी, पुस्तके, खेळ यांची कथा वेगळी. २०१५ पूर्वी त्यांवर विकणाऱ्याच्या देशाचा कर बसे. लक्झेंबर्गचा दर तेव्हा शेकडा १५ होता. साहजिकच मोठमोठ्या कंपन्यांनी लक्झेंबर्गला कचेऱ्या थाटल्या आणि सबंध युरोपला तिथून विक्री केली. गाणे ऐकले पॅरिसच्या मुलाने, कर मात्र लक्झेंबर्गला. १ जानेवारी २०१५ पासून हे बंद झाले. आता ऐकणारा जिथे राहतो तिथला कर. मात्र तो कुठे राहतो हे ताडायचे कसे? बिलाचा पत्ता, बँकेचा देश, दूरध्वनीचा देश, संगणकाचा ठावठिकाणा, यांपैकी एकमेकांशी जुळणारे दोन पुरावे साधारणपणे विकणाऱ्याने जपून ठेवायचे असतात.

नकाशावर विसंबूनही चालत नाही. कॅनरी बेटे स्पेनची, पण या कराच्या हद्दीबाहेर. मोनॅको हे निराळे राज्य, पण कराच्या दृष्टीने ते फ्रान्सच समजतात. ब्रिटन संघातून गेले आणि २०२० सालाअखेर त्याचा या व्यवस्थेशी संबंध तुटला. पण उत्तर आयर्लंड, मालापुरते तेवढे, अजून आत धरले जाते. शिक्षकबंधूंनी हे भूगोलाच्या तासाला जरूर सांगावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. म्युनिकच्या दुकानदाराला बिनकराचे बीजक द्यायचे, हे ठीक. पण त्यासाठी दोन गोष्टी पक्क्या असाव्या लागतात. घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक खरा असला पाहिजे आणि माल खरोखरच देशाबाहेर गेला पाहिजे. क्रमांक तपासण्याची सोय सरकारनेच केलेली आहे. संगणकावर घटकेत कळते. पण माल गेला की नाही, हे कसे कळावे? नाक्यावरचा शिपाई तर १९९३ सालीच गेला!

याच मुद्द्यावर इंग्लंडात एक मोठा दावा झाला. टेलिऑस आणि आणखी काही कंपन्यांनी स्पेनमधल्या एका खरेदीदाराला भ्रमणध्वनी यंत्रे विकली. माल इंग्लंडातल्या गोदामात खरेदीदाराच्या स्वाधीन करायचा आणि पुढची वाहतूक खरेदीदाराने करायची, असा करार होता. माल फ्रान्सला, क्वचित स्पेनला, पोचल्याची सही-शिक्क्याची कागदपत्रे विकणाऱ्यांना मिळाली. अधिकाऱ्यांनी प्रथम ती मान्यही केली. पुढे चौकशीत निघाले, की काही बाबतीत कागदावरचे ठिकाण खोटे, वाहतूकदार अस्तित्वातच नाही, आणि माल इंग्लंडाबाहेर गेलाच नाही. मग सरकारने विक्रेत्यांकडे लक्षावधी पौंडांच्या कराची मागणी केली. या लबाडीत विक्रेत्यांचा हात नव्हता हे सरकारलाही कबूल होते, तरीही मागणी! दावा लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेला. २००७ सालच्या सप्टेंबरात निकाल लागला. न्यायालयाने दोन्ही बाजूंना तोलून सांगितले. माल खरोखर सरहद्दीबाहेर गेला तरच करमाफी, हा नियम कायम. पण ज्या विक्रेत्याने सचोटीने वागून, आपल्या हातून होण्यासारखी सर्व खबरदारी घेऊन पुरावे सादर केले, त्याच्याकडून ते पुरावे पुढे खोटे ठरले म्हणून मागाहून कर वसूल करता येणार नाही.

श्रोतेहो, या निकालात सामान्य व्यापाऱ्याचा जीव आहे. नाहीतर दुसऱ्याच्या पापाची भरपाई करता करता त्याचे दुकानच बसायचे.

सरकार इतके कडक का होते, त्यालाही कारण आहे. या करातील चोरी अशी चालते. एक लबाड मनुष्य परदेशातून दहा लाख युरोचा माल बिनकराने आणतो. तो देशातल्या व्यापाऱ्याला विकताना शेकडा २० प्रमाणे दोन लाख युरो कर घेतो आणि तो सरकारात न भरता गाव सोडून पळतो. माल घेणारा आपण दिलेल्या दोन लाखांची वजावट मागतो. मग माल पुन्हा परदेशी जातो, बिनकराने, आणि पाठवणारा दोन लाखांचा परतावा मागतो. म्हणजे जो पैसा तिजोरीत कधी आलाच नाही, तो तिजोरीतून जातो! तोच माल रहाटगाडग्यासारखा पुन्हा पुन्हा फिरवतात. २००८-०९ साली तर धुराचे परवाने, म्हणजे कारखान्यांना हवेत वायू सोडण्याचे हक्क, असे फिरवले गेले. त्यात सुमारे ५०० कोटी युरो बुडाल्याचा अंदाज युरोपच्या संयुक्त पोलीस संस्थेने दिला होता. म्हणून न्यायालयाने २००६ साली असेही सांगून ठेवले, की आपण चोरीच्या साखळीत माल घेतो आहोत हे ज्याला ठाऊक होते, किंवा ठाऊक असायला हवे होते, त्याला वजावट मिळणार नाही. स्वस्त माल आला म्हणून डोळे मिटून घेणारा निर्दोष ठरत नाही.

या भानगडीवर पुढचा उपाय २०२५ सालच्या मार्चमध्ये मंजूर झाला आहे. १ जुलै २०३० पासून देशादेशांतल्या व्यापाऱ्यांची बीजके संगणकामार्फत थोड्याच दिवसांत सरकारला कळवावी लागतील. उठलेला नाका असा कागदावर पुन्हा उभा राहतो आहे.

हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. १९५३ साली मुंबई राज्याच्या विक्रीकरावरून आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच वाद आला होता: माल विकणारा एका राज्यात, वापरणारा दुसऱ्यात. तेव्हा न्यायालयाने वापरणाऱ्याच्या राज्याला कौल दिला, १९५५ साली तो कौल फिरवला आणि १९५६ साली केंद्रीय विक्रीकराचा कायदा होऊन माल निघतो त्या राज्याकडे कर गेला. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि पुन्हा माल जिथे वापरला जातो त्या राज्याची सरशी झाली. दोन खंडांतले लोक फिरून एकाच ठिकाणी आले.

आमच्या द्राक्षबागाईतदारांनाही यात थोडे घेण्यासारखे आहे. नाशिककडची द्राक्षे जहाजाने रॉटरडॅमला उतरतात. हॉलंडात खाद्यपदार्थांवर शेकडा ९ कर आहे. तो आयात करणारा तिथला व्यापारी आपल्या हिशेबात दाखवतो. तीच द्राक्षे त्याने जर्मनीच्या व्यापाऱ्याला विकली, की हॉलंडचा कर सुटतो आणि जर्मनीचा ७ लागतो. बागाईतदाराला यातले काही भरावे लागत नाही. मात्र युरोपात माल उतरवून घेणारा म्हणून कागदावर त्याचेच नाव असेल, तर तिथली नोंदणी आणि तिथला कर त्याच्याच गळ्यात पडतो. तेव्हा कराराच्या कागदावर 'आयात करणारा' कोण, ही ओळ सही करण्यापूर्वी वाचावी.

शेवटी सारे चार प्रश्नांत बांधून देतो. विकले ते काय, माल की सेवा? घेणारा कोण, व्यापारी की गृहस्थ? माल कोठून निघाला, कोठे पोचला आणि कोणी नेला? आणि चौथा, याचा पुरावा आपल्याजवळ आहे का? पहिल्या तिहींची उत्तरे मिळाली की कर कोणत्या गावचा हे बहुधा समजते. चौथ्याचे उत्तर नसेल तर समजून उपयोग होत नाही. आणखी एक: व्यापाऱ्याला दिलेल्या बीजकावर चुकीच्या देशाचा कर लिहिला गेला, तर दुरुस्त करीपर्यंत तो देणे लागतो, आणि घेणाऱ्याला त्याची वजावटही मिळत नाही. म्हणून आधी विचारावे, मग लिहावे.

वही स्वच्छ ठेवणारा व्यापारी आणि त्याच्या सचोटीची कदर करणारा कायदा, या दोघांची जोडी जमली तर नाका असो वा नसो, व्यापार सुरळीत चालतो.